बाळंतिणीचं पाणी आणि जावयाच्या नावचं बिल

लेक बाळंत होऊन मांजर्लीला आमच्याकडे आली आणि आठवडाही झाला नाही तोच गीझर फुटला. मेकॅनिकने खालून हात फिरवला नि म्हणाला, "टाकी सडली, मावशी. बदलावीच लागेल. टाकी गॅरंटीत आहे, पण बिल कोणाच्या नावावर?"

बिल जावयाच्या नावावर. त्याच्या कार्डावर सूट होती म्हणून कॅम्प पाचच्या बाजारातल्या दुकानातून त्याने गीझर आणला. मी सगळे पैसे रोख त्याच्या हातावर ठेवले. जावयाकडून पावती कोण मागतं?

मेकॅनिक म्हणाला, "मग मंजुरीचा नंबर त्यांच्या फोनवर येणार. तो सांगितल्याशिवाय कंपनी टाकी देत नाही."

जावयाला फोन करायला माझी ना नव्हती. पण अंबरनाथला त्याला कळलं की विहीणबाईंना कळणार. बाळंतपण आपल्याच घरी करायचं असा त्यांचा हट्ट होता. मी भांडून लेकीला आणलं होतं. घरात गरम पाणी नाही म्हटल्यावर त्या रिक्षा घेऊनच दारात आल्या असत्या. सव्वा महिना लेक माझ्याजवळ राहायला हवी होती. म्हणून फोन केला नाही.

दुकानात गेले. गल्ल्यावरचा शेठ म्हणाला, "माताजी, बिल जिसका, माल उसका."

"पैसे माझे होते!"

"तो दामाद को बोलो ना. मेरे को क्यों बोलती हो?"

नवा घ्यायचा तर किंमत वेगळी, फिटिंग वेगळं, पाइप वेगळे, जुना उतरवायचेही वेगळे. बाळंतपणात हात रिकामा झाला होता. शेठला चार शब्द सुनावले आणि परत आले.

मग रोज गॅसवर पातेली. मालीशवाली लेकीला तेल चोळून बसवायची आणि आतून ओरडायची, "आणा की आजी! हे पाणी आहे की सरबत?" मी स्वयंपाकघर ते मोरी धावत होते. रात्रीसुद्धा उद्याचं पाणी डोक्यात. एका सकाळी पातेलं निसटलं आणि माझ्या पायावर आलं. लेकीने फोड बघितले, मला एक शब्द विचारला नाही, नवऱ्याला फोन लावला.

रविवारी जावई आला, मागून विहीणबाई. मेकॅनिकही आला. जावयाने फोनवरचा नंबर वाचून दाखवला, टाकी मंजूर झाली.

विहीणबाई म्हणाल्या, "आमचाच गीझर ना हा? मग लपवायचं कशाला? चल गं, सामान भर. तिकडे पाण्याची ददात नाही."

जावई फरशीकडे बघत होता. पैसे माझे आहेत, हे माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात बाळ रडलं आणि लेकीने त्याला जवळ घेतलं.

"तुमचाच आहे," मी म्हणाले. "मग फिटिंगचे आणि पाइपचे तेवढे देऊन टाका. ते गॅरंटीत नाहीत."

विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग पर्स उघडली. मेकॅनिकशी अशी घासाघीस केली की तशी मला जमली नसती. त्याने टाकी आणून बसवल्यावर विहीणबाईंनी नळाखाली हात धरला. "बरं तापतंय," म्हणाल्या. स्वतःच्या पैशाने गरम केलेलं पाणी सोडून सुनेला न्यायला त्यांचं मन होईना. चहा घेऊन गेल्या.

"आई, सासूबाईंकडून पैसे घेतलेस?" लेक म्हणाली.

"त्यांच्याच गीझरचे होते."

दुसऱ्या दिवशी मालीशवालीने बादलीत बोट घातलं आणि झटकन काढलं. "आजी, थंड आणा थोडं!"

पाय अजून झोंबत होता. लंगडत गेले आणि आणलं.