काचेवरच्या कुरडया

आमच्या वावरातल्या चिंचेखाली बसलं की डोक्यावरचा पदर खांद्यावर घेता येतो. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मला तशी एवढी एकच जागा होती. घरात सासरे, दीर, येणारी-जाणारी माणसं. तिथं मी दाराआडून बोलायची, तेही कुणी विचारलं तर. चिंचेखाली मात्र निंदणाच्या बायांबरोबर भाकर सोडून बसायची आणि हसायचीसुद्धा. लेक तान्ही होती तेव्हा तिची झोळी याच झाडाला असायची.

आमचं घर गावाच्या कडेला, वावराला लागून आहे. चिंचेच्या पूर्वेला मुरमाड तुकडा होता, तिथं तूरही धड येत नसे. मोबाइलची कंपनी जागा शोधत आली तेव्हा ह्यांनी तो तुकडा भाड्याने दिला आणि टॉवरची देखरेखही ह्यांच्याकडेच आली. तेव्हा लेक शाळेत जायला लागली होती.

ते लोडशेडिंगचे दिवस. लाइट दिवसातून अर्ध्याहून जास्त वेळ नसायची. टॉवर मग बॅटऱ्यांवर चालायचा आणि बॅटऱ्या उतरल्या की जनरेटर लावावा लागायचा. डिझेलचे कॅन मोटारसायकलला बांधून शिरड शहापूरहून आणायचे. जनरेटर सुरू झाला की भांडी मांडणीवर थरथरायची आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कानावर पदर धरून म्हणायच्या, "आली ह्याची गिरणी."

पुढे त्याच टॉवरवर एक पांढरी थाळी बसवली आणि ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरला ब्रॉडबँड आलं. मशिनी वाढल्या, वीज जास्त लागायला लागली. एवढं डिझेल जाळणं परवडत नाही म्हणून कंपनीने टॉवरच्या कुंपणात उन्हावर वीज करणाऱ्या काचेच्या पाट्या बसवल्या. कमरेएवढ्या उंचीच्या लोखंडी घोड्यांवर, दक्षिणेकडे तोंड करून, जरा उतरत्या. हिवाळाभर त्या चांगल्या चालल्या. जनरेटर क्वचित लागायचा. दुपारी आमच्या घरात पुन्हा होल्या पाखरांचं घुमणं ऐकू यायला लागलं.

चैत्र लागला आणि टॉवर दुपारचा बंद पडायला लागला. हे गावापलीकडच्या दुसऱ्या वावरातून दिवेलागणीला येऊन जनरेटर लावत, तोवर गावातल्या फोनला रेंज नसे. पारावरची माणसं ह्यांना सोडत नसत.

"काय टॉवरवाले, तुमचा टॉवर जेवण करून झोपतो काय?"

"झोपू द्या की," हे म्हणत. "तुमच्यासारखा दिवसभर तर झोपत न्हाई."

ग्रामपंचायतीत कागदासाठी आलेली माणसं कॉम्प्युटरकडे बघत बसत आणि मग उठून घरी जात. शेवटी कंपनीचा इंजिनिअर आला. हिंगोलीहून मोटारसायकलवर येणारं तरणं पोरगं, बोलायला मऊ. त्याच्याकडे बरेच टॉवर होते, आमच्याकडे यायला त्याला नेहमी सांज व्हायची. त्या दिवशीही तो आला तेव्हा चिंचेची सावली पूर्वेकडे लांब पसरून पाट्यांच्या पहिल्या रांगेवर आली होती.

त्याने बॅटऱ्या तपासल्या, वायरी तपासल्या, काही बिघाड सापडला नाही. मग तो चिंचेकडे बघत उभा राहिला. आमच्या ओसरीवर चहा पिताना ह्यांना म्हणाला, "काका, झाडाला नवी पालवी आली. सावली दाट झाली. एका पाटीवर जरी सावली आली, तरी त्या रांगेतल्या सगळ्या पाट्या मंदावतात."

"मंग?"

"झाड काढावं लागेल. करारात आहे तसं, पाट्यांच्या उन्हाला काही आडवं नको."

ह्यांनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाले, "काढू. सोमवारी बोलावतो माणसं."

"मीही सोमवारी येतो," तो म्हणाला. "सकाळीच येतो. झाड पडताना पाट्या झाकाव्या लागतील."

मी दाराआड चहाची गाळणी हातात घेऊन उभी होते. चिंच जाणार एवढंच आधी कळलं. रात्री भाकरी थापताना दुसरं कळलं. एका पाटीवर सावली आली तरी सगळी रांग मंदावते, असं तो म्हणाला होता. आणि चैत्र लागल्यापासून रोज दुपारी त्या पाट्यांवर आत्याबाईंच्या कुरडया असायच्या.

कुंपणाची किल्ली आमच्या खुंटीला असायची. हे पलीकडच्या वावरात गेले की आत्याबाई किल्ली घ्यायच्या, जुनं लुगडं पाट्यांवर पसरून कोपरे लोखंडाला बांधायच्या आणि सोऱ्याने त्यावर कुरडया घालायच्या. चिकाचं पातेलं मीच धरायची. तिथं कोंबडी येत नाही, शेळी येत नाही, धूळ नाही आणि खालची काच तापलेली. अंगणात दोन दिवस घेणारी कुरडई तिथं एका दिवसात खडखडीत व्हायची. ऊन उतरलं की लुगडं गुंडाळून घरात. ह्यांना वाटायचं अंगणात वाळवतात.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून म्हणाले, "आत्याबाई, आज अंगणात टाकू का?"

"अंगणात टाकून तुह्या कोंबड्या मी राखत बसू व्हय?"

"तसं न्हाई, पाट्यांला ऊन लागत नसंल..."

"ऊन काय कमी हाय का गावात? एवढा मोठा टॉवर आन् त्याला माह्या लुगड्याची तकलीफ?"

मी चिकाचं पातेलं उचलून त्यांच्यामागं गेले. ह्यांना सांगावं तर ते आईवर ओरडले असते, आणि सुनेने सासूची चुगली केली हे घरभर झालं असतं. आत्याबाई वाईट नव्हत्या. माझ्या बाळंतपणात त्यांनी मला सव्वा महिना पाण्यात हात घालू दिला नव्हता. पण चिंच जाणार हे त्यांनाही कळलं होतं आणि त्यांनी फक्त एवढंच म्हटलं होतं, "जाऊ दे. सरपण होईल."

सोमवारी सकाळी इंजिनिअर आला. कुऱ्हाडीवाले यायचे होते. हे त्यांना बघायला गावात गेले. इंजिनिअर ओसरीवर बसला, आत्याबाई खांबाला टेकून सुपारी कातरत होत्या. मी चुलीवर चहा ठेवला. मग फळीवरचा डबा काढला, कढईत तेल टाकलं आणि कुरडया तळल्या. त्या तेलात पडल्या की फुलून दुप्पट होतात. ताटली भरून मी ती ओसरीच्या उंबऱ्यापाशी ठेवली आणि आत सरकले. आत्याबाईंना स्वतःच्या कुरडयांबद्दल न बोलता राहवत नाही, हे मला ठाऊक होतं.

त्याने एक तोंडात टाकली. "आजी, लई हलक्या झाल्यात. माझी आई करते, पण अशा पांढऱ्या होत नाहीत."

"होतील कशा? तुह्या आईला म्हणावं, आंगणात नको वाळवू. धुराळा बसतो."

"मग तुम्ही कुठं वाळवता?"

"तुह्याच काचांवर की. एका दिसात खडखडीत. कंपनीनं लई बेस काम केलं बघ."

त्याने ताटली हातात उचलून घेतली. मग तो म्हणाला, "रोज वाळवता?"

"रोज कुठं. जोवर गहू भिजलेले हायेत तोवर."

"दुपारी?"

"आता कुरडया सकाळी वाळत्यात व्हय रं?"

त्याने ताटली खाली ठेवली आणि हसायला लागला. आत्याबाईंना आधी राग आला, मग त्यांनी त्याला दोनदा विचारलं काय झालं. त्याने सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि आडकित्ता बाजूला ठेवला.

हे कुऱ्हाडीवाल्यांना घेऊन आले तेव्हा इंजिनिअर पाट्यांजवळ उभा राहून चिंचेच्या सावलीकडे बघत होता. म्हणाला, सांजेची सावली फारशी नडत नाही, दुपारचं ऊन मोकळं पाहिजे. पुढच्या हिवाळ्यात सूर्य खाली असेल तेव्हा मात्र दक्षिणेकडची ही वाढती फांदी आडवी येईल, तेवढी काढा. मग कुऱ्हाडीवाल्यांनी तेवढीच फांदी काढली आणि चहा घेऊन गेले. तिचं सरपण पावसाळाभर पुरलं.

ह्यांना कारण कळलं तेव्हा ते आईकडे बघत राहिले. आत्याबाई म्हणाल्या, "बघतोस काय? काचेवर लिहिलं हुतं का, कुरडया टाकू नका म्हणून?"

पाट्यांवर चिकाचे थेंब वाळून चिकटलेले होते. दुपारनंतर मी ओलं फडकं घेऊन ते पुसत होते. आत्याबाई कुंपणाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "त्या तू मुद्दाम तळल्या व्हय गं?"

मी पाटी पुसत राहिले.

"मला बोलायचं की."

"बोलले होते," मी म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांना दिलेलं ते पहिलंच उलट उत्तर असेल.

त्यांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि पलीकडची रांग पुसायला लागल्या. उरलेल्या कुरडया त्या वर्षी आम्ही घराच्या माळवदावर वाळवल्या. कोंबड्या तिथंही चढायच्या. राखायला आत्याबाई बसायच्या आणि दुपारी मला म्हणायच्या, "जा, तू चिंचेखाली टेक जरा."