हात न जाणारे खिसे

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळली आहेत, पण बडोद्याजवळच्या छाणी गावातलं ते पोतं काही डोळ्यांपुढून हलत नाही. चोरीचा मुद्देमाल म्हणून मी सायकली पाहिल्या, तांब्याची तार पाहिली, एकदा तर शेळ्याही पोलीस ठाण्याच्या आवारात बांधून ठेवल्या होत्या. पोतंभर नुसते खिसे मात्र त्याआधी कधी पाहिले नव्हते.

खबर अशी होती की, एका घराच्या पुढच्या खोलीत टेम्पो भरून नवे कपडे येतात, चार-पाच बायका बसून त्यांची उसवाउसव करतात आणि टेम्पो ते परत घेऊन जातो. खबऱ्याच्या मते माल चोरीचा होता आणि त्याची ओळख पुसली जात होती. मलाही ते पटलं. स्टेशन डायरीत नोंद केली, पंच आणि महिला कॉन्स्टेबल बरोबर घेतले आणि छापा घातला.

खोलीत होजिअरीच्या कापडाच्या पुरुषांच्या शर्टांचे ढीग होते. प्रत्येकाला कमरेखाली दोन खिसे, आणि बायका नेमके तेच काढत होत्या. बाकी शर्टाला धक्का लावत नव्हत्या. आमच्या हवालदाराने कोपऱ्यातलं पोतं उघडलं आणि तो बघतच राहिला. "साहेब, आ तो बधां खिस्सां छे!"

काम घेणारी बाई बडोद्याचीच, मराठी. तिला ठाण्यात आणून जबाब घ्यायला बसलो.

"ताई, खिसे कशाला काढता?"

"शेठनी सांगितलंय म्हणून, साहेब. शर्टाला डाग लागता कामा नये आणि खिसे जाळून टाकायचे."

"मग जाळले का नाहीत?"

"नवं कापड आहे हो. जाळायला जीव होईना. उशांत भरीन म्हटलं." मग ती रडू लागली. "आमचे हे नंदेसरीला एका कारखान्यात सिक्युरिटीत आहेत. बायकोवर चोरीचा गुन्हा लागला तर त्यांना गेटवर कोण उभं करील?"

टेबलापलीकडे रडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. रडण्यावरून काही ठरत नाही. पण खोटं बोलणाऱ्याकडे 'कशाला' याचं उत्तर तयार असतं. हिच्याकडे ते नव्हतंच.

शेठला बोलावलं. परदेशातून तयार कपडे मागवणारा व्यापारी. तो खरेदीची बिलं आणि कस्टम्सची कागदपत्रं घेऊन ऐटीत आला. सगळं चोख होतं, म्हणजे चोरीचा प्रश्न मिटला. खिशांबद्दल विचारलं तर म्हणाला, "फॅशन बदलाई गई, साहेब." माणसाने आपल्या शर्टाचे खिसे काढले तर पोलिसांचं काय जातं? मी दोघांनाही सोडण्याच्या बेतात होतो.

तेवढ्यात त्याची नजर छाप्यातून आणलेल्या त्या पोत्यावर गेली.

"आ बाळ्यां नथी?" तो बाईवर खेकसला. का जाळले नाहीस, म्हणून. आणि लगेच माझ्याकडे वळून त्याने सूरच बदलला. खिसे काढायला आपण सांगितलंच नव्हतं, या बाईने माल बिघडवला, तिच्याविरुद्ध फिर्याद लिहून घ्या, असा धोशा लावला. आत्ताच तर फॅशन बदलली होती! उरलेल्या चिंध्यांसाठी एवढा घाम कुणाला फुटतो, याचं मला भारी कुतूहल वाटलं.

कस्टम्समधल्या एका ओळखीच्या अधिकाऱ्यांना बोलावून खिसे अजून न काढलेला एक शर्ट दाखवला. त्यांनी खिशात हात घालून पाहिला. जाईना. खिसा चारही बाजूंनी शिवलेला होता.

"शुल्काच्या तक्त्यात अशा विणलेल्या, होजिअरीच्या कापडाच्या शर्टाची जागा ठरलेली आहे," ते म्हणाले. "पण कमरेखाली खिसा आला की तो त्या जागी बसत नाही. दुसऱ्या सदरात जातो. तिथे शुल्काचा हिशेब वेगळा, आणि या मालाला तो स्वस्त पडतो."

"म्हणजे खिसा लावला की शर्ट हा शर्ट राहत नाही?"

"तक्त्यापुरता नाही."

"आणि खिसा काढणं गुन्हा?"

"काढणं नाही. माल ज्या रूपात येतो, तेच रूप आम्ही धरतो. पण मुळात हा खिसा आहे का, हा प्रश्न आहे." त्यांनी दोऱ्याचं एक टोक ओढलं. अख्खा खिसा हातात आला. शर्टावर खूणही नव्हती.

शेठ म्हणाला, हे कच्चे टाके बाईनेच घातले. मग मी त्याला घेऊनच मकरपुऱ्यातल्या त्याच्या गोदामात गेलो आणि पंचांसमक्ष एक सीलबंद खोका उघडायला लावला. आत तसेच शर्ट, तसेच बंद खिसे, तोच दोरा. माल परदेशातूनच असा आला होता. खिसे फक्त शुल्क वाचवायला लावले होते, म्हणूनच ते जाळायचे होते. शेठ खोक्यावर बसला आणि पाणी मागू लागला.

पंचनामा करून प्रकरण कस्टम्सकडे सोपवलं. पुढचा वाद त्यांच्या खात्यात बराच लांबला. त्याचा निकाल देणं माझं काम नव्हतं. मी शिकलो ते एवढंच: चोरीच्या तपासात आम्ही वस्तू कुणाची आणि कुठून आली, हे विचारतो. ती बनवली कशासाठी, हेही विचारावं. पुढे अनेकदा या प्रश्नाने माझं काम सोपं केलं.

बाईला जबाब वाचून दाखवला.

"माझ्या नावापुढे काय लिहिलंय, साहेब?"

"साक्षीदार."

तिने तो शब्द बोट ठेवून स्वतः वाचला आणि मग सही केली. तिचा नवरा ड्यूटी टाकून आला होता. गणवेशातच होता, पण आत यायचा धीर न होऊन फाटकाबाहेर उभा होता. ती ओसरीवर आली आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "अहो, मी साक्षीदार आहे!"

तो माणूस फाटकाचा गज धरून तिथेच खाली बसला.