रामदासला मी उभं केलं

माझा मोठा भाऊ मधुदादा आज सकाळी गेला.
कृपा करून खाली "वीर जवान" वगैरे लिहू नका. त्याला ते ऐकवत नसे. त्याला कारण मी आहे.

दादा फौजेत ट्रक ड्रायव्हर होता. एकाहत्तरच्या लढाईतून डाव्या हाताची दोन बोटं गमावून नागपूरला परत आला.
गोळीबार चौकाजवळ आमचं घर. घरात बाबांचा हातमाग, आणि मागाशेजारी दिवसभर गप्प बसलेला दादा.

त्याच्यासोबत ट्रकवर रामदास होता. पारशिवनीकडचा पोरगा. तो परत आला नाही.

रामदासच्या वडिलांची, सोमाजीबाबांची पत्रं यायची. कोणाकडून तरी लिहून घेतलेली. दर वेळी एकच प्रश्न. माहा पोरगा गेला कसा?
सरकारी तारेत "वीरगती" एवढंच होतं.

दादा उत्तर लिहायला बसायचा आणि कागद फाडायचा.
एक दिवस म्हणाला, "मले लिहिता येत नाही गा बंडू. करून दाखवतो."

आठ महिने लागले.
एक फूट म्हणजे एक सेंटिमीटर, असं माप. डब्याच्या पत्र्याचा ट्रक, वीतभर लांब. लाकडी बॉबिनच्या चकत्या कापून चाकं, त्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर. ताडपत्री बाबांच्या मागावरच्या कापडाची. माणसं तारेची, वरून शाडू.
सगळं आठ बोटांनी.

रामदासचा चेहरा किती वेळा पुसला, देव जाणे. "नाक असं नोहतं त्याचं," म्हणायचा आणि पुन्हा सुरू.

काय दाखवलं होतं, ते सांगतो.
ट्रकचं मागचं चाक फुटलंय. रामदास जॅक लावायला खाली बसला आणि तेवढ्यात गोळा पडला. तो चाकाशी आडवा झालाय, हातात पाना. चार पावलांवर दादा, स्टेपनी धरून.
बस. ना शत्रू, ना झेंडा.

मी तेव्हा एका ऑफिसात टेम्पररी क्लार्क होतो. सव्वीस जानेवारीला हॉलमध्ये प्रदर्शन होतं. मी साहेबांसमोर फुशारकी मारली, माझ्या भावाने लढाईचं मॉडेल केलंय म्हणून.
साहेब म्हणाले, घेऊन ये.

दादा नाही म्हणाला. "त्याच दिवशी सोमाजीबाबाले बोलावलं हाय मी. त्याईले घरीच दाखवीन."
मी हात जोडले. "दादा, माह्या परमनंटचं काम हाय."
दादाने ट्रक उचलून माझ्यापुढे ठेवला.
"ने. म्हाताऱ्याले मी तिथंच आणतो. पण कोणाले हात नको लावू देजो."

आदल्या दिवशी सकाळी साहेबांनी मॉडेल पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.
"अरे, मेलेला माणूस कशाला? उद्या पाहुणे येणार आहेत. याला उभा कर. हातात झेंडा दे."

कोणी दुसऱ्याने हात लावला नाही. मीच लावला.
लंच टाइममध्ये वीस मिनिटांत. कमरेत वाकवताना शाडू तडकला, तिथे गोंद भरला. पाना काढून आगकाडीचा झेंडा दिला. गोळ्याचा खड्डा भुशाने बुजवला.
एका दिवसाचा तर प्रश्न आहे, असं स्वतःला सांगितलं.

सव्वीसला सकाळी दादा सोमाजीबाबांना घेऊन आला. धोतर, डोक्याला पटका, पिशवीत आमच्यासाठी तुरीच्या शेंगा.
म्हातारा टेबलावर वाकला. पार जवळ गेला.
"नाक त्याचंच हाय," म्हणाला. डोळे पुसले.
मग पुन्हा वाकून पाहू लागला.
"हा तं उभा हाय. झेंडा घेऊन. मंग मेला कसा गा?"

दादाने मॉडेलकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी फरशीकडे.

साहेब मागून आले, "बाबा, शूर होता तुमचा मुलगा!" म्हणत म्हाताऱ्याच्या गळ्यात हार घातला. फोटो निघाला.

बाहेर पायऱ्यांवर बसून दादाने त्यांना सगळं तोंडाने सांगितलं. चाक, जॅक, गोळा. मी दाराआडून ऐकत होतो.
सोमाजीबाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आत उभा काहून केला तू त्याले? हे खोटं, का ते खोटं?"

दादाने माझं नाव सांगायला हवं होतं.
नाही सांगितलं. माझी नोकरी होती ना.

म्हातारा उठला आणि दुपारच्या एसटीने गावाला गेला. गळ्यातला हार तिथेच पायरीवर काढून ठेवला. त्यानंतर पत्र आलं नाही.

मॉडेलला पहिलं बक्षीस मिळालं. मी परमनंट झालो.
ट्रक घरी आला, दादाने दुसऱ्या दिवशी तो पाणी तापवायच्या बंबाच्या जाळात घातला. पत्रा उरला तो भंगारवाल्याला दिला. पुन्हा त्याने साधा पतंगही केला नाही.

वर्षभराने तो पारशिवनीला गेला होता. सोमाजीबाबा नुकतेच वारले होते.

पुढे खापरखेड्याला वीजकेंद्राच्या राखेचे ट्रक चालवले त्याने, रिटायर होईपर्यंत. आम्ही एका घरात राहिलो, एका ताटात जेवलो. या विषयावर एक शब्द नाही. मला वाटायचं, विसरला असेल. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात त्याचा हात धरला आणि म्हणालो, "दादा, मले माफ कर."
कशाबद्दल, हे त्याने विचारलं नाही. म्हणजे त्याला रोज आठवत होतं.

"माफी त्या बुढ्यापाशी मागाची होती. तो वर्षभर जित्ता होता गा. मी काय माफ करू?"

मग भिंतीकडे तोंड करून झोपला.

पारशिवनी इथून एसटीने जेमतेम दीड तासावर आहे, हे नागपूरकरांना सांगायची गरज नाही.

दुपारी चार वाजता घरून निघू. ज्यांना यायचं त्यांनी यावं.
दादा, जा. आता तुझ्याकडे काही मागत नाही.