सुभेदारसाहेबांनी मागितलेला खांदा

सुभेदार गणपतराव यांना यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या हाताखालच्या एखाद्या जुन्या शिपायाने लिहावे, असे मंडळींनी ठरवले. तो शिपाई मी, शेख इमाम, राहणार अमरावती. माझे मराठी छावणीतले आहे, सांभाळून घ्यावे.

साहेबांची व माझी पहिली भेट एका मयतीच्या दिवशी झाली. कापसाच्या तेजीचे ते दिवस. दूर अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस अडला आणि आमच्या वऱ्हाडातला साधा गाडीवानही ऐटीत चालू लागला. अकोल्याकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांना पहारा देणे हे आमच्या तुकडीचे काम. पण छावणीत पटकीची साथ शिरली होती. आजाऱ्याला टाकून शिपाई पळत आणि मेलेल्याला भाड्याची माणसे ओढून नेत. बाजारात लोक तोंडावर विचारीत, "काहो शिपाई, आज कोनाले टाकून आले?" आम्ही मान खाली घालून पुढे जात असू.

माझा चुलतभाऊ हुसेन वारला, त्याच सकाळी साहेब नवे सुभेदार म्हणून आले. जनाज्यापाशी मी एकटाच उभा होतो. बाकी सारे दूर निंबाखाली. साहेबांनी सरळ येऊन खांदा लावला आणि ओरडले, "हा माह्या वळखीचा नाही, धर्माचाबी नाही. तुमच्या तं संगतीचा होता ना? दोन खांदे आहेत, दोन पायजेत." कोणी हलेना. मग साहेबांचा मुलगा सखाराम, जो आमच्याच तुकडीत भरती व्हायला आला होता, पुढे झाला. त्याच्यामागून एक शिपाई रडतच आला. कबरस्तान येईपर्यंत खांदा द्यायला सारे पुढे येत होते.

कवायत त्यांनी नंतर शिकवली, आणि शिस्तीला असे कडक की विचारू नका! पण मी आजारी पडलो तेव्हा पेज त्यांनीच पाजली. मी पेज अळणी आहे म्हणून कुरकुरलो, तर हसून म्हणाले, "इमाम्या, तू वाचला! चव कळून राहिली तुले."

पुढच्या उन्हाळ्यात साहेब गाड्यांबरोबर मूर्तिजापुरात असताना इकडे सखारामला पटकी झाली. मी घोडा पिटाळत निरोप नेला. तिथे साहेबांजवळ दोन शिपाई त्याच रोगाने पडले होते. साहेब घोड्यापर्यंत गेले आणि परत फिरले. मग म्हणाले, "यायले टाकून कसा येऊ रे? तिकडं तुमी आहा ना?"

ते दोघे वाचले. सखाराम गेला. तेव्हा इकडची सारी तुकडी त्याच्या उशापायथ्याशी होती, एकही माणूस पळाला नाही. साहेब पोचले तेव्हा चिता विझली होती. "एकटा तं नोहता ना पोरगा?" एवढेच त्यांनी विचारले आणि आम्हा सर्वांदेखत ते ढसाढसा रडले. त्यानंतर बाजारात आम्हाला कोणी हसले नाही. त्याचे मोल कोणी भरले, हे बाजाराला काय ठाऊक!

आता तुकडी मोडली, बहुतेक सोबती गेले, साहेबांची नजर अधू झाली. परवा मी म्हणालो, "साहेब, शंभरी गाठा." ते भडकलेच. "मले कायले आयुष्य देता रे? थे सखारामले द्याचं होतं!" घरी येऊन मी पुष्कळ रडलो.

साहेब, आयुष्य कुणाला द्यावे हे माणसाच्या हाती असते, तर तुम्ही आपले केव्हाच देऊन मोकळे झाला असता. ते नाही, म्हणून मी खुदाकडे तुमच्यासाठीच मागतो. निरोगी राहा, पुष्कळ जगा. रागवा, शिव्या द्या. उद्या सकाळी येऊन मी पुन्हा हेच म्हणणार आहे.