व्हर्नाबाई पलंग बघतात

व्हर्ना स्टिल्टनर आमच्या गावात घरं बघत फिरते, पण भाड्यासाठी नव्हे. आमच्या मुख्य रस्त्याची एक बाजू व्हर्जिनिया राज्यात, दुसरी टेनेसी राज्यात. तिकडच्या कोर्टाने देखरेखीखाली सोडलेल्या माणसाला इकडे राहायचं असेल, तर इकडच्या सरकारने हो म्हणावं लागतं, आणि ते ठरतं व्हर्नाच्या भेटीवर. सरकारी माणूस दारात आला की माझ्या कपाळाला आठी पडते, पण हिची रीत मला बघायचीच होती. म्हणून ती शेजारी हॅसी रॅटलिफकडे आली, तेव्हा मक्याचा पाव द्यायच्या निमित्ताने मीही आत घुसले.

हॅसीच्या डेल्मरने दारूच्या भरात एकाचा जबडा मोडला होता. तुरुंगातून सुटून तो रस्त्यापलीकडे खोली घेऊन राहत होता. आता त्याला आईकडे यायचं होतं. 'पोरगं घरी येतंय' म्हणून अख्खं चर्च हॅसीचं अभिनंदन करून मोकळंही झालं होतं.

व्हर्नाने कागद उघडलेसुद्धा नाहीत. "तो झोपणार कुठे, तेवढं दाखवा."

मागच्या खोलीतल्या पलंगावर गोधड्या आणि घेवड्याच्या बरण्या रचलेल्या. उशी ठेवायलाही जागा नव्हती.

"आवरीन की," हॅसी म्हणाली.

"हॅसीबाई, तो यायला हवाय का तुम्हाला?"

"लेक आहे माझा."

"ते नाही विचारलं मी."

हॅसी मटकन खाली बसली. "प्यायला की आईलाही ओळखत नाही तो. मागे दार फोडलं होतं. पण मीच नको म्हणाले हे त्याला कळलं, तर तोंड कसं दाखवू?"

व्हर्नाची नजर दारावर टांगलेल्या बंदुकीवर गेली. "घरात बंदूक असली, तर मला नाहीच म्हणावं लागतं."

"अहो, मग माझ्याकडे ठेवते की!" मी पुढे सरसावले.

"तुम्ही पाव कापा, बाई."

मग कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला: नकाराचं खापर हॅसीवर नाही, बंदुकीवर फुटणार होतं.

रविवारी हॅसी आणि मी दारात उभ्या होतो, तेव्हा डेल्मर पलीकडच्या फुटपाथवरून ओरडला, "आई, नुसतं बंदुकीवर अडलंय! उतरव ना ती!"

"तुझ्या बापाची आहे रे. राहू दे."

"बाप जाऊन किती वर्षं झाली!"

हॅसी पाऊलभर मागे सरकली. मला वाटलं, आता हा शिव्या घालणार.

"मला घाबरतेस होय?" त्याने आवाज उतरवून विचारलं.

हॅसी रडायला लागली.

"बरं, राहू दे बंदूक," तो म्हणाला. "आणि रात्री कडी नीट लावत जा."