काजळी घटली, वायू वाढला

बंगळूरला मी विमानाच्या इंजिनावर काम करते. अख्खं इंजिन नव्हे, इंधन जिथं जळतं तेवढाच कप्पा. पुढच्या काळातल्या विमानांचा धूर कमी व्हावा म्हणून आमच्या गटानं त्याची नवी रचना केली होती. पहिल्याच चाचणीत काजळी खूप कमी आली. मी लगेच नेकनूरला अण्णांना, म्हणजे वडिलांना, फोन करून सांगून टाकलं.

आठवड्यानं बाकीचे आकडे आले. ज्वाला जास्त तापत होती, म्हणून काजळी जळून जात होती. पण त्याच उष्णतेनं हवेतल्या नायट्रोजनपासून दुसरा घातक वायू वाढत होता. ज्वाला थंड केली की काजळी परत. दोन दिवस मी दोन्ही आलेख समोर घेऊन बसले. आम्हाला साधलं की फसलं, तेच कळेना.

तशीच सुट्टीला घरी गेले. बसमधून उतरले तर शेळ्या घेऊन निघालेले चुलते भेटले.

"तू इमानाचा धूर बंद केलास म्हणं."

अण्णांनी गावभर सांगितलं होतं. मी नुसती हसले, आणि मग त्या हसण्याची लाज वाटली.

जेवताना अण्णांना खरं ते सांगितलं.

"म्हंजी घाण कमी झाली का वाढली?"

"एक कमी झाली, एक वाढली."

"त्यातली वाईट कोणती?"

"दोन्ही वाईटच."

"मग मी लोकाला काय सांगू?"

"मलाच कळंना, अण्णा."

ते ताट सारून उठले. मला वाटलं, नाराज झाले.

सकाळी दूध आणायला गेले, तर चहाच्या टपरीवर त्यांचा आवाज आला. "धूर कमी झालाय, पण दुसरंच कायतरी वाढलंय. पोरीला बी अजून उमगलं न्हाई. बघायलीय ती."

"मग आधी कामून सांगितलं बे?" चुलत्यांनी विचारलं.

"तवा तेवढंच ठावं व्हतं."

मी बाहेरूनच परतले. बंगळूरला आल्यावर अहवालात दोन्ही आलेख एकाच पानावर लावले आणि खाली लिहिलं, निष्कर्ष काढता येत नाही. साहेबांनी ते दोनदा वाचलं, सही केली आणि नव्या चाचण्यांना मंजुरी दिली. त्या अजून चालू आहेत. कधी काजळी घटते, कधी वायू. दोन्ही एकदम घटल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.