शेजारच्या घरातली गोळी

निमगाव सावातल्या भिका गाडग्याला गावानं नाव ठेवलं होतं, ‘रिकामं का’. बावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, त्यातली नऊ वर्षं जवानांना पिस्तूल चालवायला शिकवण्यात गेलेली. आता मंचरला एका बँकेच्या दारात पहारेकरी. पण कुठंही बंदूक दिसली की त्याचा प्रश्न ठरलेला, "रिकामं का?" समोरचा हो म्हणाला तरी हा स्वतः उघडून बघणार, बोटानं चाचपणार. हत्याराचं तोंड माणसाकडं नको, चापावर बोट नको. ही सवय इतकी मुरलेली, की गॅसचा लायटरसुद्धा तो बोट सरळ ठेवून उचलायचा आणि फवारणीच्या नळीचं तोंड आधी जमिनीकडं करायचा. उसात बिबट्या असताना बॅटरी घेऊन पाणी धरायला जाणारा हा गडी रिव्हॉल्व्हर पाहून घामाघूम होतो, याची गावाला मोठी करमणूक.

कारण त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. फौजेत एका जोडीदारानं रिकामं म्हणून दिलेलं पिस्तूल रिकामं नव्हतं, आणि तो जोडीदार घरी आला नव्हता.

दसऱ्याला दुपारी भिका सोनं द्यायला चांगदेवाच्या मळ्यात गेला. ओटीवर पाट मांडलेला. कोयता, पहार, ट्रॅक्टरची किल्ली, आणि मधोमध चांगदेवाचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर, हळदीकुंकू लावून, झेंडूच्या हारात. तोंड थेट पायरीकडं. येईल तो त्याच्यापुढंच वाकणार.

भिकानं विचारलंच.

"आलं आमचं रिकामं का," चांगदेव हसला. "आरं, देवापुढं हत्यार उपाशी ठेवत न्हाईत, राव. एकच गोळी घातलीय, शकुनाची. आन ती बी ठोक्याखाली न्हाई, चक्राच्या शेजारच्या घरात हाय."

भिका पाटाकडं सरकला. तो काही बोलणार, तोच चांगदेवाच्या तेजस्विनीनं रिव्हॉल्व्हर उचललं. कॉलेजातून सणाला आलेली पोरगी, तिला स्टेटसला फोटो हवा होता. एका हातात मोबाईल, दुसऱ्यात रिव्हॉल्व्हर. नजर मोबाईलवर, बोट नेमकं चापावर. आणि नळीचं तोंड समोर खुर्चीत बसलेल्या तिच्या आजीच्या, चिमाबाईच्या छातीवर.

भिकाला ओरडावंसं वाटलं. पण दचकलेलं माणूस आधी मूठ आवळतं, हे त्यानंच शेकडो जवानांना शिकवलं होतं. त्यानं ओरडणं गिळलं. पाळण्यातलं लेकरू उठू नये अशा आवाजात तो म्हणाला, "तेजू, बाळा, फोटो लई भारी येईल. फकस्त ते बोट सरळ कर."

ती मोबाईलमध्येच बघत होती. चिमाबाई फोटोसाठी पदर सारखा करत होती.

"हां काका," ती म्हणाली, आणि बोट सरळ झालं.

"आता तोंड खाली. अंगणाच्या मातीकडं. हळूच."

मग त्यानं ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि चक्र उघडलं. गोळी आरतीच्या ताटात पडली. सहाही घरं त्यानं बोटानं चाचपली, पुन्हा चाचपली. मग चक्र बंद करून, अंगणात उतरून, मातीच्या ढिगाकडं तोंड धरून सावकाश चाप ओढला. चक्र एक घर फिरलं आणि ‘खट्’ झालं.

"बघ चांगदेव. चाप वढला की आधी चक्र फिरतं, मंग ठोका पडतो. शेजारचं घरच ठोक्याखाली येतं."

चांगदेव पायरीवर खाली बसला. तेजस्विनी आपल्या बोटाकडं बघत राहिली.

"म्हंजी आत्ता मी…" चिमाबाई म्हणाली. भिकानं चक्र पुन्हा उघडून ठेवलं.

म्हातारीच उठली. गोळी तिनं कपाटात कुलपात टाकली, किल्ली पदराला बांधली. "उपाशी ठेवायचं न्हाई, एवढंच ना?" असं पुटपुटत हारातलं एक फूल कुस्करलं आणि उघड्या चक्राच्या सहाही घरांत झेंडूच्या पाकळ्या भरल्या. रिव्हॉल्व्हर तसंच उघडं, भिंतीकडं तोंड करून पाटावर ठेवलं.

भिकानं तिला सोनं द्यायला हात पुढं केला, तर आपट्याची पानं खाली सांडली. ती तिनंच वेचून घेतली.

निघालेला भिका उसाच्या वळणावरून परत आला. पाटाशी वाकून एकेक घर बघितलं. सहाही ठिकाणी पाकळ्याच होत्या.

या वेळी कुणी हसलं नाही.